तोंडाचं माप

सुरमई आली तेव्हा तिच्याबरोबर फुकट आला
एक काटेरी लगाम.
टांगेवाला म्हणाला, "असू दे. हट्टी आहे. लागेल."

मी तिचा ओठ वर केला.
पुढचे दात संपतात, दाढा अजून सुरू व्हायच्या असतात,
तिथे घोड्याला एक बिनदाताची जागा असते.
नुसती हिरडी, हाडावर सायीएवढी.
सगळा लगाम तिथेच बसतो.
तिथे दोन्हीकडे घट्टे होते,
आणि जिभेच्या कडेला जुनी खाच,
माडावर चढायला खोडात पाडतात तशी.

नाव माझ्या बायकोनं ठेवलं, रंगावरून.
गळाला लागणाऱ्या माशाचं ठेवलंय
हे आम्हाला नंतर सुचलं.

अलिबागेत मिळाला तो मधोमध एका सांध्याचा.
ओढला की अडकित्त्यासारखा मिटायचा,
सुपारीच्या जागी जीभ.
ती मान वर टाकायची, आभाळात कुणी हाक मारल्यासारखी,
आणि पाठीवरचं पुण्याचं पोर भोकाड पसरायचं.
मग कुणी सांगितलं, जाड घे, जाड तो मऊ.
घेतला. अंगठ्याएवढा.
तिचं तोंड लहान, टाळू खाली, ओठ मिटेनात.
दिवसभर सुरूच्या सावलीत आ वासून उभी,
लाळेत वाळू.
रबराचा तिनं तीन दिवसांत चावून टाकला.
मी काही बोललो नाही.

शेवटी हसुरामकडे गेलो.
तो होड्यांची कामं करतो, नांगर, बिजागऱ्या, सुकाणूच्या कड्या.
"घोड्याचं मला काय कळतंय," म्हणाला, "माप आण."

झावळीतला एक हीर काढला, सोलून गुळगुळीत केला,
तिच्या तोंडात आडवा धरला,
ओठांच्या कोपऱ्यांशी नखानं खुणा केल्या.
ती हलली नाही.
झाडाचं होतं ते. लोखंड नव्हतं.

साडेचार इंच.
वर दोन्हीकडे दोन-दोन सूत, चिमटा बसू नये म्हणून.
हसुराम हीर डोळ्यांशी धरून बराच वेळ बसला,
मग स्वतःच्याच तोंडात घातला आडवा.
"अरे, घोडीच्या तोंडातला आहे तो!"
तो बोबडं काहीतरी म्हणाला.
हीर काढून पुन्हा म्हणाला,
"जिभंला जागा पायजे. मधी वाक पायजे."

दोन सांधे केले त्यानं,
मधे काजूबीएवढा तांब्याचा तुकडा,
मोडीत निघालेल्या मचव्याच्या खिळ्याचा.
तांबं कशाला?
"गोड लागतं. आमचा बारका पैसा चोखायचा."

पहाटे गारठा होता.
लगाम आधी काखेत धरला, ऊब येईपर्यंत,
मग तिच्यापुढे.
पट्टा एकेक भोक ढिला करत आणला:
ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती, दुसरी नाही.
तिनं जिभेनं तांबं शोधलं.
फिरवलं.
कान एक पुढे, एक माझ्याकडे.

लगेच सगळं ठीक झालं असं नाही.
पॅराशूटची बोट सुरू झाली की अजून मान झटकते.
परवाच एका नव्या जावयाला तिनं
भरतीच्या पाण्यात नेऊन उभं केलं, सासरच्यांसमोर.
पण ओठांच्या कडेला आता फेस असतो,
पातळ, ओहोटीनं वाळूवर सोडलेल्या रेघेसारखा,
आणि संध्याकाळी लगाम काढताना दात आवळत नाही,
सोडते टपकन,
चोखून झालेली बाठ सोडावी तशी.

काटेरी तो पडवीच्या खुंटीवर होता पावसाळाभर.
समुद्रात फेकणार होतो.
मग वाटलं, त्याच्या तोंडात तरी कशाला.
हसुरामनं भट्टीत लाल केला, काटे ठोकून सपाट केले.
आता आक्षीच्या खाडीत
कुणाच्या तरी सुकाणूला तो कडी म्हणून आहे.
कुठली होडी, मी विचारलं नाही.